साखळी सामन्यांचे गणित : चेपॉक ते मामल्लपुरम

१० एप्रिल २०१८ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर चेन्नई सुपर किंग्ज आणि कोलकाता नाइट रायडर्स हे संघ समोरासमोर आले. दोन वर्षांच्या बंदीनंतर चेन्नईचा संघ आपल्या गावी परतला होता आणि २०३ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठत त्याने प्रेक्षकांची प्रतीक्षा सार्थकी लावली. मैदानाबाहेरचे चित्र मात्र वेगळे होते. कावेरीच्या पाणीवाटपावरून निदर्शने पेटली होती. सामना सुरू असताना सीमारेषेच्या दिशेने बूटही भिरकावला गेला. यापुढील सामन्यांना पुरेसा बंदोबस्त देता येणार नाही, असे पोलिसांकडून समजल्यावर एक-दोन दिवसांतच निर्णय झाला, की चेन्नईचे उरलेले सहाही घरचे सामने चेन्नईबाहेर होतील. तिरुवनंतपुरम, विशाखापट्टणम, राजकोट आणि पुणे अशा पर्यायांतून पुण्याची निवड झाली. २० एप्रिलला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या गहुंजे येथील मैदानावर चेन्नईचा 'घरचा' सामना रंगला. तो पाहण्यासाठी सुमारे एक हजार चाहत्यांना घेऊन एक खास रेल्वेगाडी चेन्नईहून पुण्यास आली होती.

वृत्तपत्रांनी त्या गाडीतील पिवळ्या सदऱ्यांची छायाचित्रे छापली, आणि ते योग्यच होते. तथापि या साऱ्या धावपळीत एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सहा सामन्यांची स्थळे बदलली, पण तारखा होत्या त्याच राहिल्या. २० एप्रिल, २८ एप्रिल, ३० एप्रिल, ५ मे, १३ मे आणि २० मे. वेळापत्रकातील एक रकाना खोडून त्यात दुसरे गाव लिहिले गेले, बाकीचे रकाने जसेच्या तसे राहिले. त्याचे कारण वेळापत्रकाच्या बांधणीतच होते.

सामन्याची तारीख ही दोन संघांपुरती बाब नसते. २८ एप्रिलला चेन्नईशी खेळणारा मुंबईचा संघ त्याआधी कोठे होता आणि नंतर कोठे जाणार आहे, त्याला मध्ये किती दिवसांची विश्रांती आहे, त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर दुसरा कोणता सामना आहे, या सर्वांशी ती तारीख बांधलेली असते. एक तारीख हलवली की दुसरी हलते, दुसरीने तिसरी. विणलेल्या कापडातून एक धागा ओढावा तसा हा प्रकार आहे. मैदान बदलणे त्या मानाने स्वस्त. पुण्याचा आयपीएल संघ २०१७च्या हंगामानंतर स्पर्धेत राहिला नव्हता आणि म्हणून गहुंजेचे मैदान त्या संध्याकाळी मोकळे होते, हा चेन्नईचा नशिबाचा भाग म्हणावा लागेल.

पंगतीतील एक स्थिर पान

साखळी स्पर्धेचे वेळापत्रक म्हणजे मुळात काय, हे समजण्यासाठी संगणकाची गरज नाही. आठ जणांची एक पंगत डोळ्यांसमोर आणावी. चार पाने एका ओळीत, चार समोरच्या ओळीत. समोरासमोर बसलेल्यांची आज लढत. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावरच्या माणसाने जागा सोडायची नाही आणि उरलेल्या सातजणांनी गोल फिरत एकेक पान पुढे सरकायचे. असे सात दिवस केले की प्रत्येकाची प्रत्येकाशी नेमकी एकदा गाठ पडते, कोणाचीही पुनरावृत्ती होत नाही आणि कोणी रिकामाही बसत नाही. संघ सात असतील तर आठवे पान कोरे ठेवायचे. त्याच्यासमोर जो येईल त्याला त्या दिवशी विश्रांती. थॉमस कर्कमन या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४७ मध्ये अशा जोड्यांचे गणित मांडले. बुद्धिबळाच्या जगात याच क्रमाचे तक्ते योहान बर्गर या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावाने ओळखले जातात आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांपासून जिल्हा संघटनांच्या चिटणीसांपर्यंत अनेकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत.

अडचण सुरू होते ती 'घरचा' आणि 'बाहेरचा' हे दोन शब्द आल्यावर. प्रत्येक संघाला वाटते की एक सामना घरी, एक बाहेर, पुन्हा एक घरी असा क्रम असावा. प्रेक्षकांना तेच सोयीचे, तिकीटविक्रीलाही तेच बरे. पण आठ संघांच्या एकेरी साखळीत हे सुख फार तर दोन संघांना मिळू शकते. याचे कारण शाळकरी मुलालाही पटावे इतके सोपे आहे. अखंड आलटून-पालटून क्रम दोनच प्रकारे लागतो: घरी-बाहेर-घरी-बाहेर, किंवा बाहेर-घरी-बाहेर-घरी. दोन संघांना एकच क्रम दिला तर ते दोघे प्रत्येक दिवशी एक तर आपापल्या घरी असतील किंवा दोघेही बाहेर, आणि मग ते एकमेकांशी खेळणार कधी? म्हणून प्रत्येक क्रम एकाच संघाला देता येतो. उरलेल्या सहा संघांना कधी ना कधी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन सामने बाहेर खेळावेच लागतात. दहा संघ असतील तर असे आठ संघ निघतात. स्वित्झर्लंडमधील गणितज्ञ दोमिनीक द वेरा यांनी १९८०च्या सुमारास या खंडांचे शास्त्र नीट मांडले.

म्हणजे अन्यायाचा काही अंश गणितातच आहे, तो कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीतून आलेला नाही. तो कोणाच्या वाट्याला द्यायचा, एवढेच माणसाच्या हाती उरते.

आता पर्यायांची संख्या पाहू. आठ संघांच्या एकेरी साखळीतील सात फेऱ्या, त्यांचा क्रम धरून, ३ कोटी १४ लाख ४९ हजार ६०० प्रकारे लावता येतात. यात यजमान कोण हे ठरवलेलेच नाही. २८ सामन्यांतील प्रत्येकासाठी यजमान निवडण्याचे आणखी २६ कोटी ८४ लाखांहून अधिक प्रकार आहेत, आणि या दोन संख्यांचा गुणाकार करायचा आहे. दहा संघांसाठी तर केवळ फेऱ्यांची विभागणीच, क्रम न धरता, १२२ कोटी ५५ लाख ६६ हजार ७२० प्रकारे होते. हे सारे पर्याय एकेक करून तपासणे वेगवान संगणकालाही परवडणारे नाही. साहजिकच संगणकाला 'सर्व पाहा' असे सांगून भागत नाही. कोठे पाहायचे आणि कोठे पाहायचे नाही, हे शिकवावे लागते.

दंडगुणांचा हिशेब

अमेरिकेतील बेसबॉलच्या मुख्य लीगचे वेळापत्रक सुमारे दोन दशके हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे दांपत्य घरी बसून करीत असे. तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे एकूण २,४३० लढती. संगणकाची मदत होती, तरी कोणते दोन संघ एकाच आठवड्यात एकाच शहरात यजमान असता कामा नयेत, कोणता प्रवास खेळाडूंना झेपणार नाही, यांविषयीची त्यांची जाण हाच या कामाचा कणा होता. २००५च्या हंगामापासून हे काम मायकेल ट्रिक, जॉर्ज नेमहाउसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाकडे गेले. दोघेही गणिती नियोजनाचे प्राध्यापक. त्यांनी आणि केली ईस्टन यांनी २००१ मध्ये 'फिरत्या स्पर्धेचा प्रश्न' मांडला होता: प्रत्येक संघाने प्रत्येकाशी घरी व बाहेर खेळावे, सलग तीनपेक्षा अधिक सामने घरी किंवा बाहेर नसावेत आणि सर्व संघांचा एकूण प्रवास कमीत कमी व्हावा. दिसायला हा प्रश्न एका परिच्छेदाचा. पण त्यातील अवघ्या आठ संघांच्या नमुन्याचे सर्वोत्तम उत्तर नि:संशय सिद्ध होण्यास कित्येक वर्षे लागली.

क्रिकेटही या बाबतीत मागे नव्हते. १९९२च्या विश्वचषकासाठी आठ संघांची आखणी झाल्यावर दक्षिण आफ्रिकेला प्रवेश मिळाला आणि २८ साखळी सामन्यांचे ३६ झाले. नऊ संघांमुळे प्रत्येक फेरीत एकाला विश्रांती देणे भाग पडले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांत विखुरलेल्या त्या स्पर्धेच्या आखणीवर पुढे शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील कौंटी सामन्यांची आखणी लँकेस्टर विद्यापीठाचे माइक राइट यांनी १९९०च्या दशकात संगणकावर आणली.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. अटी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या अनुल्लंघनीय: एकाच दिवशी एका संघाचे दोन सामने नकोत, मैदान उपलब्ध नसेल तेथे सामना नको. दुसऱ्या सोयीच्या: सलग तीन सामने बाहेर शक्यतो नकोत, लांबच्या प्रवासानंतर एक दिवस मोकळा असावा, शनिवार-रविवारचे सामने सर्वांना सारखे मिळावेत. सोयीची अट मोडली तर वेळापत्रकाला दंडगुण लागतात. संगणक एक ओबडधोबड वेळापत्रक घेतो, त्यातील दोन सामन्यांची अदलाबदल करतो आणि दंड कमी झाला का ते पाहतो. कमी झाला तर नवे स्वीकारतो, वाढला तर बहुधा सोडून देतो. 'बहुधा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कधी कधी तो मुद्दाम थोडे वाईट वेळापत्रकही स्वीकारतो, कारण प्रत्येक वेळी तत्काळ लाभच पाहिला तर तो एका खड्ड्यात अडकून बसतो आणि पलीकडची दरी त्याला दिसत नाही. तापलेला धातू सावकाश निववला की तो अधिक चांगला जमतो, या लोहाराच्या अनुभवावरून या पद्धतीला नाव मिळाले. ऑस्ट्रेलियातील राज्यस्तरीय क्रिकेटसाठी ती १९९४ मध्ये वापरून पाहिली गेली.

हे सारे यंत्र उत्तम करते. पण दंडगुण किती, हे यंत्र सांगत नाही. समजा, एखाद्या संघाचे सलग तीन सामने बाहेर आले तर पाच दंडगुण, आणि रविवारचा लोकप्रिय सामना दुपारच्या वेळेत गेला तर पन्नास. या दोन आकड्यांनीच ठरून गेले की थकवा खेळाडूंनी सोसायचा आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न सुरक्षित राहायचे. हा निर्णय चूक की बरोबर, हा वेगळा प्रश्न. पण तो संगणकाने घेतलेला नाही, कोणी तरी मेजापाशी बसून घेतलेला आहे. 'संगणकानेच असे काढले' हे उत्तर जेव्हा एखाद्या संघटनेकडून मिळते, तेव्हा दंडगुणांचा तक्ता दाखवा असे म्हणण्याचा अधिकार संघांना असायला हवा.

पाणी, मतदान आणि तीन बंद दालने

आयपीएलचे २०१८चे वेळापत्रक फेब्रुवारीच्या मध्यास जाहीर झाले. त्याच आठवड्यात, १६ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने कावेरीप्रश्नी निकाल दिला आणि तामिळनाडूचा वाटा १९२ वरून १७७.२५ अब्ज घनफुटांवर आला. पाणीवाटपाची यंत्रणा उभारण्यासाठी केंद्राला सहा आठवडे मिळाले. ती मुदत मार्चअखेर सरली आणि एप्रिलमध्ये चेन्नईचे रस्ते आंदोलकांनी भरले. नदीच्या निकालाची तारीख आणि क्रिकेटची तारीख यांचा संबंध कोणत्याही अटींच्या यादीत आधी लिहिला जाणे शक्य नव्हते. गमतीची बाब अशी, की पाण्याने पुण्यातही पाठ सोडली नाही. गहुंजेच्या मैदानासाठी पवना धरणाचे पाणी वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये मनाई केली. पुण्यास नियोजिलेले बाद फेरीचे दोन सामने पुढे कोलकात्यास गेले. चेन्नईने मात्र गहुंजेतील सहापैकी पाच सामने जिंकले आणि २७ मे रोजी वानखेडे मैदानावर विजेतेपदही मिळवले. घरचे मैदान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न या निकालांवरून कोणाला पडला तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव दोन वर्षे आधीच आला होता. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. १ मेच्या पुण्यातील सामन्यास तेवढी सवलत मिळाली. पुण्याच्या संघाने विशाखापट्टणम गाठले आणि मुंबईतील अंतिम सामना बंगळूरला झाला. लातूरला त्या वेळी रेल्वेने पाणी पोहोचवले जात होते हे ज्यांना आठवते, त्यांना त्या निर्णयाचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

निवडणुकांची गोष्टही अशीच. २००९ मध्ये लोकसभेचे मतदान आणि स्पर्धा एकाच काळात आल्याने सारी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. २०१४ मध्ये पहिला टप्पा संयुक्त अरब अमिरातीत झाला. २०२४ मध्ये आयोजकांनी निराळी वाट धरली. मतदानाच्या तारखा जाहीर होईपर्यंत पहिल्या २१ सामन्यांचेच वेळापत्रक काढले, त्यातील पहिला सामना २२ मार्च रोजी चेपॉकवर ठेवला आणि उर्वरित भाग नंतर दिला. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव न आणता अर्धेच वेळापत्रक देणे, ही त्यांतील सर्वांत शहाणपणाची युक्ती म्हणावी लागेल.

चेपॉकच्या खाती आणखी एक वेगळी नोंद आहे. २०१९चा अंतिम सामना चेन्नईला व्हायचा होता. परंतु मैदानातील आय, जे आणि के ही तीन प्रेक्षक-दालने कित्येक वर्षे बंद होती. ती उघडण्याची परवानगी मिळाली नाही आणि अंतिम सामना हैदराबादला गेला. लीगच्या सर्वांत मोठ्या दिवसाचे स्थळ अखेर तीन कुलपांनी ठरवले. पुढे साथीच्या काळात २०२१ मध्ये आयोजकांनी सर्वांना समान न्याय देण्यासाठी कोणालाच घर दिले नाही. सहा शहरे निवडली आणि कोणत्याही संघाचा एकही सामना स्वत:च्या गावी ठेवला नाही. चेन्नईचा संघ मुंबईत खेळू लागला आणि चेपॉकवर इतरांचे सामने रंगले. २०२२ मध्ये साखळीतील सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथील चार मैदानांवर झाले: वानखेडे आणि डी. वाय. पाटील येथे प्रत्येकी वीस, ब्रेबर्न आणि गहुंजे येथे प्रत्येकी पंधरा. चेन्नईच्या प्रेक्षकांना आपला संघ चेपॉकवर पुन्हा दिसला तो ३ एप्रिल २०२३ रोजी.

त्याच २०२२ मध्ये संघ आठाचे दहा झाले आणि एक नवा पेच उभा राहिला. दहा संघांनी घरी-बाहेर असे सर्वांशी दोनदा खेळायचे तर ९० सामने होतात, आणि तेवढे दिवस हाती नव्हते. प्रत्येकी चौदाच सामने कायम ठेवून असे ठरले, की प्रत्येक संघाने पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदा खेळावे. हे पाच कोण, ही आता नशिबाची बाब झाली. बलाढ्य संघ दोनदा वाट्याला आला तर गुणतक्त्यात त्याची किंमत मोजावी लागते. २०२५ मध्ये मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली आणि उरलेले सामने सहा शहरांत आटोपण्यात आले. त्यांत चेन्नईचे नाव नव्हते. राजस्थानविरुद्धचा चेन्नईचा सामना २० मे रोजी दिल्लीत झाला.

मैदानांच्या चिटणीसांचे जग

झगमगाटापासून दूर, कार्यालयीन आणि क्लबांच्या स्पर्धांतही हेच प्रश्न असतात, फक्त अधिक घरगुती स्वरूपात. मुंबईत डॉ. कांगा यांच्या नावाची लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळवली जाते. ओल्या खेळपट्टीवर खेळता यावे हाच तिचा हेतू असल्याने वाहून गेलेला रविवार तेथे गृहीतच धरलेला असतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेथील आखणीकाराला ते तीन महिने जपून वापरावे लागतात, आणि पाऊस सरल्यावर येणारा जानेवारीतील पोंगल हा क्रिकेटचा सण ठरला. मद्रासमधील युरोपियन विरुद्ध हिंदी हा प्रेसिडेन्सी सामना पोंगलच्या सुट्टीत होत असे आणि स्वातंत्र्योत्तर काळात पोंगल कसोटी हा शब्द रूढ झाला. एकच खेळ, पण एका शहराने पावसाला सामावून घेतले तर दुसऱ्याने त्याला चुकवले.

बँकांचे संघ या दोन्ही शहरांच्या मैदानांवर दीर्घकाळ खेळत आले आहेत. इंडियन बँक आणि इंडियन ओव्हरसीज बँक या दोन्हींची मुख्यालये चेन्नईत, आणि तेथील क्रिकेट, हॉकी, फुटबॉल व अन्य स्थानिक स्पर्धांतून त्यांच्या संघांची नावे दिसत आली. मुंबईत टाइम्स शील्डने कार्यालयीन संघांना मैदान दिले. अशा स्पर्धेच्या चिटणीसाच्या वहीत ज्या अटी असतात त्या कोणत्याही शोधनिबंधात सापडणार नाहीत. ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या आगेमागे बँकेच्या संघाला सामना देऊ नये. महाविद्यालयाचे मैदान परीक्षेच्या आठवड्यात मिळत नाही. यष्टिरक्षक बदलीवर गेला आहे, तो शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो, तेव्हा सामना रविवारीच हवा. अमुक दोन संघांना लागोपाठच्या मैदानांवर एकाच दिवशी ठेवू नये, कारण दोघांचे पंच एकच. एखादा ज्येष्ठ चिटणीस हे सारे तोंडपाठ बाळगतो आणि तो निवृत्त झाला की पुढच्या हंगामात आठवडाभर गोंधळ होतो.

आज जोड्यांचे आणि फेऱ्यांचे तक्ते करून देणाऱ्या संगणक-प्रणाली सहज उपलब्ध आहेत. त्यामुळे चिटणीसाचे चार रात्रींचे काम चार मिनिटांवर आले. मात्र यष्टिरक्षकाची गाडी त्या प्रणालीला कोणी तरी सांगावी लागते. ज्यांनी शाखेतील रजांचा आणि पाळ्यांचा तक्ता एकदा तरी केला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. तो तक्ताही याच गणिताच्या कुळातला. सणाला रजा कोणाला, हे सूत्राने निघते खरे, पण गेल्या वर्षी कोणाची रजा हुकली होती याची नोंद सूत्रात आधी घालावी लागते.

रोज संध्याकाळी नव्या जोड्या

चेन्नई परिसरात २०२२ मध्ये या शास्त्राचा आणखी एक, अगदी निराळा प्रयोग जगाने पाहिला. रशियात व्हायचे ४४वे बुद्धिबळ ऑलिम्पियाड युक्रेनवरील आक्रमणानंतर तेथून काढून घेण्यात आले आणि अवघ्या चार महिन्यांच्या तयारीने ते चेन्नईजवळच्या मामल्लपुरम येथे २८ जुलै ते १० ऑगस्ट या काळात पार पडले. खुल्या गटात १८८ संघांची नोंद झाली, महिला गटात १६२ संघांची. खुल्या गटातील सर्वांनी सर्वांशी खेळायचे म्हटले असते तर १७,५७८ लढती आणि १८७ फेऱ्या लागल्या असत्या. म्हणजे रोज एक फेरी धरली तरी सहा महिने. प्रत्यक्षात हाती अकरा फेऱ्या होत्या.

येथे आधीच छापलेले वेळापत्रक नसतेच. स्विस पद्धतीत, जी १८९५ मध्ये झ्युरिक येथे प्रथम वापरली गेली आणि ऑलिम्पियाडमध्ये १९७६ पासून रूढ आहे, फेरीचे निकाल लागल्यावर पुढच्या फेरीच्या जोड्या ठरतात. समान गुणांचे संघ एकमेकांसमोर येतात, एकदा झालेली लढत पुन्हा होत नाही आणि पहिल्या पटावर पांढरी व काळी मोहरी शक्यतो आलटून-पालटून मिळतात. क्रिकेटमधील घर आणि बाहेर यांचेच हे बुद्धिबळातील रूप. रोज संध्याकाळी दोन्ही गटांतील तीनशेहून अधिक संघांच्या जोड्या संगणक लावी, पंच त्या पाहून जाहीर करीत आणि रात्री उशिरापर्यंत प्रशिक्षक उद्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव चाळत बसत. दुसऱ्या दिवशी सुमारे ७०० पटांवर घड्याळे सुरू होत.

विषम संख्येचे ते कोरे पान येथेही आडवे आले आणि भारताला ते फळले. यजमानाला दुसरा संघ उतरवता येतो. नोंद झालेल्या संघांची संख्या विषम निघाली म्हणून तिसऱ्या संघालाही जागा मिळाली. त्यामुळे नाशिकचा विदित गुजराथी पहिल्या संघात, नागपूरचा रौनक साधवानी दुसऱ्या आणि अभिमन्यू पुराणिक तिसऱ्या संघात, अशी मराठी वाचकांच्या ओळखीची नावे तिन्ही संघांत दिसली. महिला गटात नागपूरची दिव्या देशमुख आणि पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन व ईशा करवडे यांना संधी मिळाली. पुण्याचे अभिजित कुंटे महिलांच्या पहिल्या संघाचे कर्णधार होते. सातव्या फेरीत संगणकाने भारताच्या पहिल्या आणि तिसऱ्या संघांनाच समोरासमोर आणले. संगणक गुण पाहतो, ध्वज पाहत नाही. पहिल्या संघाने ती लढत ३-१ अशी जिंकली.

अकराव्या मानांकनाच्या भारताच्या दुसऱ्या संघाने अखेरच्या फेरीत जर्मनीला ३-१ असे हरवून कांस्यपदक मिळवले. सुवर्णपदकासाठी मात्र पटावरचा निकाल पुरला नाही. उझबेकिस्तान आणि आर्मेनिया, दोघांचेही १९ गुण झाले. महिला गटातही युक्रेन आणि जॉर्जिया १८ गुणांवर बरोबरीत राहिले. अशा वेळी झोनेबॉर्न-बर्गर नावाची गणना करतात. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने स्पर्धेत मिळवलेल्या गुणांना त्याच्याविरुद्ध पटावर कमावलेल्या गुणांनी गुणायचे, सर्वांत कमी गुण मिळवणारा एक प्रतिस्पर्धी वगळायचा आणि बाकीची बेरीज करायची. जोड्या लावणाऱ्या यंत्राने ज्याच्या वाट्याला अवघड प्रतिस्पर्धी दिले, त्याला त्याचे मोल येथे परत मिळते. या गणनेच्या नावातील बर्गर म्हणजे साखळी सामन्यांचे तक्ते ज्यांच्या नावाने ओळखले जातात तेच योहान बर्गर. त्या बेरजेत उझबेकिस्तान आर्मेनियाच्या पुढे निघाले, युक्रेन जॉर्जियाच्या, आणि ९ ऑगस्टला निरोपाच्या समारंभात त्या क्रमाने पदके देण्यात आली.